एकवीस मिनिटं जास्तीची

माझा नवरा मेल्यानंतर एकवीस मिनिटं जिवंत होता, असं सरकारी पोर्टलचं म्हणणं होतं.

भरपाईचा दावा दाखल करून आठ दिवस झाले होते. स्टाफरूममध्ये आठवीच्या प्रयोगवह्या तपासत बसले असताना फोनवर उत्तर आलं. कामगार, धैर्यशील आनंदराव चौगुले. मृत्यूची वेळ, अकरा वाजून वीस मिनिटे. त्या वेळी कामगाराच्या मनगटावरचे कडे, स्थळ कँटीन; कड्यातली हृदयाची अखेरची नोंद, अकरा वाजून एकेचाळीस मिनिटे. दावा विसंगत असल्याने नामंजूर. खाली तीस दिवसांत हरकत घेण्यासाठी बटण होतं आणि त्याच्याखाली आमची सेवा कशी वाटली असं विचारून पाच चांदण्या दिल्या होत्या. मी एकही चांदणी दाबली नाही. त्या दिवशी मला तेवढाच राग काढता आला.

मी विज्ञान शिकवते, म्हणून हे कड्याचं प्रकरण आधी नीट सांगते. आपण म्हणतो, हृदय घड्याळासारखं चालतं. तसं नसतं. विश्रांती घेतलेल्या निरोगी माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं बदलत असतं. श्वास आत घेतला की ते कमी होतं, सोडला की वाढतं. झोप अपुरी पडली, शरीर थकलं, की ही मोकळीक जाते आणि ठोके एकसारखे पडू लागतात. म्हणजे घड्याळासारखं चालणारं हृदय थकलेलं असतं. मुलांना हे सांगितलं की ती लगेच स्वतःची नाडी धरून बसतात, आणि तास संपतो.

सहा वर्षांपूर्वी नवा सुरक्षा कायदा आला आणि कोल्हापूरच्या सगळ्या फौंड्र्यांमधल्या कामगारांच्या मनगटावर रुंद कडी चढली. कडं दिवसभर ठोके मोजतं. तेच हजेरी, तेच ओळखपत्र. मनगटावरून दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ उतरलं तर कंट्रोल रूममध्ये घंटा वाजते. पाळीत तीनदा बाकावर पाच मिनिटं स्वस्थ बसून तपासणी द्यायची. हिरवा दिवा लागला तर पुढचं काम, लाल लागला तर घरी. महिन्यात तीन लाल झाले की माणूस भट्टीवरून थेट भंगाराच्या यार्डात जातो. कायदा चांगलाच होता. पेंगणाऱ्या माणसानं वितळलेल्या लोखंडाजवळ उभं राहू नये, हे कुणालाही पटेल.

पण माणसं थकायची थांबली नाहीत. त्यांनी दुसरी वाट काढली. थकलेला माणूस हातपाय धुण्याच्या जागी जाऊन ताज्या माणसाशी कडं बदलायचा, ताजा माणूस त्याच्या नावावर बाकावर बसायचा, दिवा हिरवा करून द्यायचा आणि मग कडी परत जागच्या जागी. याला ते नुसतं 'बसणं' म्हणत. आज माझ्यासाठी बस, उद्या मी तुझ्यासाठी बसतो. सुपरवायझरला माहीत होतं, त्याला उत्पादन हवं होतं. आमचे हे तर त्यातले मोठे मानकरी. धैर्यशीलचा दिवा कधी लाल झालाच नव्हता. घरात इकडची काडी तिकडे करत नाही, म्हणून हृदय ताजं राहतं, असं मी त्याला चिडवायची. तो हसायचा आणि खरंच उठायचा नाही.

अपघाताच्या दिवशी साडेअकराला मला कंपनीचा निरोप आला तो वेगळाच होता. ओतकाम विभागात दुर्घटना, इंद्रजित चौगुले, हृदयक्रिया बंद. इंद्रजित माझा धाकटा दीर. तोही त्याच फौंड्रीत, लॅडलवर. लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड भट्टीपासून साच्यापर्यंत नेणारी मोठी बादली. ती क्रेनला टांगलेली असते आणि एका माणसाला तिच्या कडेला उभं राहून ती वळवावी लागते. धैर्यशीलचं काम तिथं नव्हतं. तो साचे तपासायचा.

तो निरोप वाचून मला काय वाटलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मला हायसं वाटलं. माझा नाही, एवढंच मनात आलं. मग मी रडले, रिक्षा केली, त्याला आणलं होतं त्या दवाखान्यात सासूबाईंना मिठी मारली आणि त्यांना धीर देत बसले. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते आणि त्या अजून त्याच दवाखान्यात होत्या. सव्वाबाराला इंद्रजित चालत आत आला. त्याच्या मनगटावर कडं नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, आईकडेही पाहिलं नाही. भिंतीला पाठ लावून तो खाली बसला आणि मला कळलं.

अंगावर चंदेरी कोट, तोंडावर काच, आणि साखळी तुटून लॅडलमधून जे सांडलं त्यानंतर ओळख पटवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाऊण तास सगळ्यांनी कड्यावरच विश्वास ठेवला होता.

इंद्रजितनं पोलिसांना सांगितलं की त्यानं कडं धुण्याच्या जागी काढून ठेवलं होतं, दादानं चुकून तेच घातलं असेल. मग दादाचं कडं कँटीनमध्ये कुणाच्या मनगटावर होतं, या प्रश्नावर त्याला काही माहीत नव्हतं. फौंड्रीतल्या कुणालाच काही माहीत नव्हतं. धैर्यशील ज्यांच्यासाठी बसला होता असे निदान पंधरा जण तेराव्याला जेवून गेले, पण एकानंही तोंड उघडलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. कड्याच्या नोंदीत फेरफार म्हणजे खटला, आणि पुन्हा कुठल्याही भट्टीवर उभं राहायला बंदी.

हसीना मुजावर नावाच्या वकीलबाई कामगारांचीच कामं करतात. त्यांनी पोर्टलचं उत्तर वाचलं आणि चहा मागवला. त्यांनी जे सांगितलं ते विज्ञान मला ठाऊक होतं, पण त्याचा असा उपयोग होईल हे सुचलं नव्हतं. प्रत्येक माणसाच्या हृदयाची चाल वेगळी असते. ठोका किती वेगानं पडतो ते सोडून द्या, पण प्रत्येक ठोक्याची लहर कशी चढते, कुठं थबकते, कशी उतरते, ते ज्याचं त्याचं असतं. कडं कुणाचंही असो, आत नोंदलेली चाल घालणाऱ्याचीच राहते. भरपाई आयुक्तांच्या प्रयोगशाळेत आता अशी चाल जुळवून देतात.

"म्हणजे अकरा वीसला लॅडलपाशी धैर्यशीलच होते, हे सिद्ध होईल," मुजावर बाई म्हणाल्या. "आणि त्यांचं हृदय ताजं होतं हेही सिद्ध होईल. मग थकव्याचा विषयच संपला. क्रेनची साखळी तुटली ती जुनी होती म्हणून. कंपनीला नेमकं हेच नकोय."

फक्त जुळवणीसाठी दुसऱ्या माणसाची चाल लागणार होती. कँटीनमध्ये जो कुणी होता, त्यानं स्वतःहून येऊन दहा मिनिटांचा नमुना द्यायचा आणि जबाब लिहून द्यायचा. तो कोण, हे त्यांनी मला विचारलं नाही.

घरी येऊन मी इंद्रजितला सांगितलं. तो ताटावरून उठून गेला. त्यानंतर तो घरात असा वावरू लागला की मी स्वयंपाकघरात गेले की तो अंगणात, मी अंगणात आले की तो गच्चीवर. नमुना देण्याची पहिली तारीख त्यानं ताप आला म्हणून चुकवली, दुसरी काहीही न सांगता. तीस दिवसांतले एकोणीस गेले होते. मी शाळेत शिकवताना फळ्यावर तारीख लिहायची आणि उरलेले दिवस मोजायची. तो पळून जाईल, अशी भीती मला वाटू लागली. सकाळी उठल्यावर त्याच्या चपला दारात आहेत का, हे मी आधी पाहायची. माझी सात वर्षांची स्वरा त्याच्या मांडीवर जाऊन बसली तर मला बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ तो तिथून हलणार नव्हता. पोरीचा असा पहाऱ्यासारखा उपयोग करते म्हणून माझी मलाच लाज वाटे.

मग कंपनीचे दळवी साहेब घरी आले. हातात फळांची पिशवी, आवाज मऊ. हरकत मागे घेतली तर कल्याण निधीतून मदत मिळेल, इंद्रजितची नोकरी राहील आणि घरातला कर्ता मुलगा तुरुंगात जाणार नाही, असं त्यांनी एका दमात सांगितलं. फाइलमध्ये मात्र, कँटीनमधल्या नोंदीवरून, धैर्यशील ड्यूटीवर झोपला होता आणि नंतर परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागी गेला, असं राहील. कागदाला काय महत्त्व आहे वहिनी, असं ते म्हणाले. ते गेल्यावर मी फळं शेजारी देऊन टाकली.

सासूबाई कॉटवर पाय लांब करून सगळं ऐकत होत्या.

"एक गेला माझा," त्या म्हणाल्या. "आता दुसऱ्याला तू घेऊन चाललीयास कोर्टात."

मी म्हटलं, आई, धैर्यशील झोपला होता असं तुम्ही लिहू द्याल का? त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्या रात्रीपासून आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोललो.

मला आणखी एका गोष्टीची धास्ती होती, ती मी कुणालाच सांगितली नव्हती. सासूबाई दवाखान्यात असताना रात्री त्यांच्याजवळ बसायच्या पाळ्या आम्ही ठरवल्या होत्या. पहिल्या दोन इंद्रजितच्या, तिसरी माझी. पण माझ्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच दहावीच्या उत्तरपत्रिका जमा करायच्या होत्या आणि माझ्या चाळीस राहिल्या होत्या. मी त्याला फोन करून म्हटलं, आजच्या दिवस तू बस ना, उद्या मी दोन दिवसांची भरपाई करते. तो बरं म्हणाला. सकाळी दवाखान्यातून तो सरळ पहिल्या पाळीला गेला. त्याच दिवशी अकरा वीस वाजले.

तिसऱ्या तारखेला इंद्रजित आपण होऊन पायात चपला घालून दारात उभा राहिला. का, ते त्यानं सांगितलं नाही. आम्ही ड्रायव्हर नसलेल्या बसनं आयुक्तालयात गेलो.

प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. तंत्रज्ञ बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, छातीला तीन चकत्या लावल्या आणि स्वस्थ बसायला सांगितलं. दहा मिनिटांनी पडद्यावर आलं, नमुना अग्राह्य. हृदय फार पळत होतं. घाबरलेल्या हृदयाची चाल झोपलेल्या हृदयाशी जुळवता येत नाही. पाणी पाजून दुसऱ्यांदा बसवलं. पुन्हा अग्राह्य. नियमाप्रमाणे एका माणसाला तीनच संधी. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, कुणी घरचं जवळ बसलं तर बघा.

मी त्याच्याजवळ स्टूल ओढून बसले. खरं सांगते, तेव्हा मला त्याची दया आली नव्हती. मला नमुना हवा होता. त्याला मोकळं वाटेल असं माझ्याकडे एकच होतं, म्हणून ते बोलले. म्हटलं, इंद्रजित, त्या रात्रीची पाळी माझी होती. तू थकलास तो माझ्यामुळं.

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"दादाला ठावं हुतं, वैनी," तो म्हणाला. "बाकावर माझ्या नावानं बसून आला आन् कडं बदलायला कँटीनमधी आला. मी डोकं टेकून पडलो हुतो. उठाय लागलो तर म्हणाला, तू हिची पाळी केलीस, आता तुझी मी करतो. झोप. एकच लॅडल हाय, वतून येतो."

त्यानं छातीवरची एक चकती बोटानं दाबून धरली.

"भोंगा वाजल्यावर जागा झालो," तो म्हणाला. "दादाचं कडं माझ्याच हातात. पळत गेलो तर सगळं झालं हुतं. मग धुवायच्या जागी जाऊन ते काढून ठेवलं. लई वेळ तिथंच बसलो. भायेर आलो असतो तर सगळ्यास्नी कळलं असतं, कोण गेलाय ते."

मग तो रडला, लहान मुलासारखा नाही, मोठ्या माणसासारखा, आवाज दाबून, खूप वेळ. रडणं संपल्यावर शरीर आपोआप सैल पडतं, श्वास लांब होतो, हृदय मंदावतं. हे मी पाठ्यपुस्तकातून शिकवलेलं आहे. तंत्रज्ञ बाईंनी तेवढ्यात दहा मिनिटं उरकून घेतली. नमुना ग्राह्य झाला. मी मात्र उठून बाहेर आले, कारण धैर्यशील तिथं माझ्या जागी उभा होता हे मला तेव्हा समजलं.

अहवाल चार दिवसांत आला. लॅडलपाशी धैर्यशील, ताजा. कँटीनमध्ये इंद्रजित, झोपलेला. वर्षभरात धैर्यशीलची चाल आणखी सोळा जणांच्या कड्यांत सापडली होती, त्यांची नावं मुजावर बाईंनी भांडून झाकायला लावली. दावा आता उभा राहणार होता. पण इंद्रजितवर खटला होणार, हेही ठरल्यासारखं होतं. आयुक्तांना एक अधिकार होता. कामगाराचा थकवा हलगर्जीपणातून आला नाही, असं दुसऱ्या कुणाच्या जबाबानं दिसलं, तर ते दंडावर भागवू शकत होते आणि बंदी टाळू शकत होते.

"तुम्ही ते पाळीचं लिहून देऊ नका," मुजावर बाईंनी मला बजावलं. "दावेदार स्वतःच त्या साखळीत आला की कंपनी तुमचा वाटा कापायला लावणार. इंद्रजितचं मी बघते."

मी विचारलं, माझ्या जबाबाशिवाय तुम्ही काय बघणार? दुसरा जबाब देणारं कुणी नाही, हे त्यांनी कबूल केलं.

तीन रात्री मी नीट झोपले नाही. स्वराचं सगळं पुढचं आयुष्य माझ्यासमोर होतं. आणि इंद्रजितच्या हातांना लोखंड ओतण्याशिवाय दुसरं काही येत नाही, हेही समोर होतं. त्याहून मोठी भीती वेगळी होती. हा जबाब सासूबाईंसमोर वाचला जाणार होता. मृताची आई म्हणून त्याही दावेदार होत्या, आणि सर्व दावेदारांसमोर जबाब मोठ्यानं वाचायचा, असा नियम आहे. ज्या बाईनं मला तू दुसऱ्याला घेऊन चाललीयास म्हणून सुनावलं, तिला कळणार होतं की पहिल्यालाही मीच पाठवलं.

निकाल चार महिन्यांनी लागला. साखळीचा दोष कंपनीवर आला, धैर्यशीलच्या नावापुढचं झोपेचं वाक्य काढलं गेलं, इंद्रजितला दंड झाला आणि माझा वाटा एक तृतीयांश कापला गेला. पण मला निकालापेक्षा जबाबाची ती दुपारच जास्त आठवते.

आयुक्तांच्या खोलीत सासूबाई काठी मांडीवर आडवी धरून बसल्या होत्या. इंद्रजित दाराशी उभा होता. कारकुनानं माझा जबाब वाचायला सुरुवात केली. माझं नाव ऐश्वर्या, लग्नाची तारीख, मुलीचं नाव, धैर्यशीलच्या कामाचं स्वरूप, सगळं एका सुरात. मग ते वाक्य आलं. दिनांक अमुक रोजी रात्री सासूबाईंजवळ बसण्याची पाळी माझी असताना, मी माझ्या कामासाठी दीर इंद्रजित यांना बसवले, त्यामुळे त्यांची सलग तिसऱ्या रात्री झोप झाली नाही. कारकून तसाच पुढे वाचत गेला. मी टेबलाच्या काठाकडे बघत होते.

वाचून झाल्यावर आयुक्तांनी सासूबाईंना विचारलं, आजी, हे तुम्हाला मान्य आहे? तुमच्या सुनेनं जे लिहिलंय ते तुम्हाला माहीत होतं?

सासूबाईंनी काठी बाजूला ठेवली.

"त्या रातीला मी जागीच हुते साहेब, गुडघा ठणकत हुता," त्या म्हणाल्या. "मी इचारलं, ऐश्वर्या कुठं हाय? तर ह्यो म्हणाला, वैनी खाली च्या आणायला गेलीया, आत्ता येतीया. सकाळपतोर काय च्या आला न्हाई."

त्यांनी पदरानं चष्मा पुसला, कागद स्वतःकडे ओढला आणि सही कुठं करायची ते कारकुनाला विचारलं.